‘हार्ट लाइक अ व्हील’ : चरित्रपटातील व्यक्ती आणि यंत्र

प्रास्ताविक

चरित्रपटाची समीक्षा करताना आपल्याकडे बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात. पडद्यावरील व्यक्तिरेखा मूळ व्यक्तीशी कितपत जुळते आणि नटाने ती किती समर्थपणे साकारली आहे. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु ज्या कामामुळे ती व्यक्ती चरित्रविषय ठरली, त्या कामाचे चित्रपटात काय झाले, हा तिसरा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. संताच्या चरित्रपटात अभंग ऐकू येतो, गायकाच्या चरित्रपटात गाणे. ज्याचे काम यंत्राशी आहे, ज्याच्या कर्तृत्वाचा काळ सहा सेकंदांहूनही कमी आहे आणि ज्याचा चेहरा त्या सहा सेकंदांत शिरस्त्राणाआड झाकलेला असतो, त्याचे काम पडद्यावर कसे आणावयाचे? जोनाथन कॅप्लन दिग्दर्शित ‘हार्ट लाइक अ व्हील’ (१९८३) या अमेरिकन चित्रपटाचा विचार प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे. ड्रॅग रेसिंग या मोटारशर्यतीच्या प्रकारात तीन वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या शर्ली मल्डाउनी यांच्या जीवनावर तो बेतलेला आहे. सोयीसाठी प्रत्यक्ष व्यक्तीचा उल्लेख मल्डाउनी असा आणि चित्रपटातील पात्राचा उल्लेख शर्ली असा केला आहे. हा भेद केवळ सोयीचा नाही, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

शर्यत आणि तिचे यंत्र

मराठी वाचकाला मोटारशर्यत म्हटली की वळणावळणांच्या मार्गावरील दीर्घ स्पर्धा आठवते. ड्रॅग रेसिंगमध्ये वळण नाही. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात, इशारा होताच थांबलेल्या स्थितीतून सुटतात आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे १,३२० फूट (सुमारे ४०२ मीटर) अंतर तोडतात. जो पुढे तो जिंकला. हरलेला घरी जातो. विदर्भातील शंकरपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना या खेळाचा स्वभाव समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. तेथेही तयारी महिनोन्महिन्यांची, धाव काही सेकंदांची आणि चर्चा वर्षभराची असते.

या खेळाचा जन्म कारखान्यात झाला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी जुन्या फोर्ड गाड्या विकत घ्याव्यात, त्यांचे वजन उतरवावे, इंजिन सुधारावे आणि कोरड्या तलावांच्या सपाट पात्रात किंवा रात्री रस्त्यांवर त्या पळवाव्यात, असा हा छंद होता. १९५० मध्ये सँता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली आणि १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. रस्त्यावरची बेकायदा शर्यत नियमांच्या चौकटीत आणणे हा संस्थेचा घोषित हेतू होता, आणि नियम आले की परवाना आला, परवाना आला की तो कोणाला द्यावयाचा हा प्रश्नही आला. चित्रपटाचा गाभा याच प्रश्नात आहे.

त्या काळातील गाड्यांचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक वाटते. १९५० च्या दशकात ‘स्लिंगशॉट’ नावाची रचना रूढ झाली. तिचे श्रेय सामान्यतः मिकी थॉम्पसन यांना दिले जाते. लांब, कृश नळ्यांचा सांगाडा, पुढे सायकलसारखी बारीक चाके, मागे रुंद टायर आणि चालकाची बैठक मागच्या आसाच्याही मागे. वजन मागच्या चाकांवर यावे, म्हणजे टायर जमिनीला धरून राहतील, हा त्यामागील हिशेब होता. परिणामी इंजिन चालकाच्या समोर आणि क्लच व गिअरपेटी त्याच्या दोन पायांमध्ये येई. त्यावर हवा कोंबणारा सुपरचार्जर बसविलेला असे. विशेष म्हणजे हे यंत्र मुळात जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनांसाठी, म्हणजे ट्रक आणि बस यांसाठी बनविलेले होते; ते या मंडळींनी उचलून क्रायस्लरच्या ‘हेमी’ इंजिनावर चढविले. इंधन म्हणून पेट्रोलऐवजी नायट्रोमिथेन वापरले जाऊ लागले. या द्रवाच्या रेणूतच प्राणवायू असल्यामुळे तितक्याच हवेत पेट्रोलच्या कितीतरी पट इंधन जाळता येते आणि शक्ती दुपटीहून अधिक वाढते. त्याचबरोबर इंजिन फुटण्याची शक्यताही वाढते. १९५७ ते १९६३ या काळात संस्थेने या इंधनावर बंदी घातली होती. पण संस्थेबाहेरच्या मैदानांवर ते जळतच राहिले. १९६४ मध्ये न्यू जर्सीतील ग्रेट मेडोज येथे डॉन गार्लिट्स यांनी ताशी २०० मैलांचा अधिकृत टप्पा ओलांडला, तो अशाच गाडीतून.

इंजिन समोर असलेल्या गाडीत जे काही फुटेल ते चालकाच्या अंगावर येते. तेल पेटले तर ज्वाला तोंडावर येते. हे सर्वांना ठाऊक होते आणि तरीही वर्षानुवर्षे गाड्या तशाच बांधल्या गेल्या. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचजवळच्या लायन्स मैदानावर गार्लिट्स यांच्या गाडीची गिअरपेटी फुटली, गाडी मधोमध तुटली आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. बरे होत असतानाच त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेणारी गाडी आखली आणि १९७१ च्या आरंभी पोमोना येथील विंटरनॅशनल्स स्पर्धा तिच्या साहाय्याने जिंकली. त्यानंतर काही वर्षांतच स्लिंगशॉट स्पर्धेतून नाहीशी झाली. एका माणसाच्या तुटलेल्या पायातून संपूर्ण वर्गाचा आकार बदलला, असे म्हणण्यास हरकत नाही.

चित्रपटाचे कथन

चित्रपटाचा प्रारंभ कृष्णधवल आहे. बापाच्या मांडीवर बसलेली लहान शर्ली भरधाव गाडीचे चाक हाती धरते. हॉइट ॲक्स्टन यांनी उभा केलेला हा बाप, टेक्स रोक, चित्रपटातील सर्वांत लोभस पात्र आहे. त्यानंतर १९५६ मधील न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी शहर, गाड्यांच्या दुरुस्तीत रमलेल्या जॅक मल्डाउनीशी (लिओ रॉसी) कोवळ्या वयातील विवाह, रात्रीच्या रस्त्यावरील शर्यत. मग दहा वर्षांची उडी घेऊन अधिकृत मैदान, परवान्यासाठी सह्या, शर्यतपटू कॉनी कॅलिटाशी (बो ब्रिजेस) जुळलेले संबंध, विवाहाचा भंग, आग, पुनरागमन, अजिंक्यपदे, आणि अखेर १९८२ च्या इंडियानापोलिस येथील यू. एस. नॅशनल्स स्पर्धेची अंतिम फेरी. त्या फेरीत शर्लीसमोर कॅलिटाच उभा असतो.

बॉनी बेडेलिया यांचा अभिनय हे या चित्रपटाचे निर्विवाद बलस्थान होय. या भूमिकेसाठी त्यांना गोल्डन ग्लोब पारितोषिकाचे नामांकन मिळाले होते. किशोरवयापासून चाळिशीपर्यंतचा प्रवास त्या आवाज आणि खांदे यांच्या बळावर दाखवितात. रंगभूषेवर विसंबत नाहीत. पतीशी बोलताना वाक्य अर्धवट सोडण्याची लकब हळूहळू नाहीशी होत जाते आणि शेवटच्या भागात शर्ली वाक्ये पूर्ण करते, कधी समोरच्याचीही. गाडीत बसल्यावर मात्र अभिनेत्रीच्या हाती केवळ डोळे उरतात. कॅप्लन यांनी त्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, हे त्यांचे कौतुक. स्वस्त आणि झटपट चित्रपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या रॉजर कॉर्मन यांच्या तालमीतून ते आलेले असल्यामुळे काटकसर हा त्यांच्या शैलीचा गुण आहे. पुढे ‘द अक्यूज्ड’ (१९८८) मध्ये हाच गुण अधिक प्रखरपणे दिसतो.

सह्यांचा प्रसंग आणि त्याचे वाचन

परवान्याचा प्रसंग हा चित्रपटातील मध्यवर्ती प्रसंग मानावा लागेल. शर्लीला शर्यतीत उतरावयाचे तर आधीच परवाना असलेल्या चालकांच्या सह्या हव्या असतात. ती सह्या मागत फिरते. गार्लिट्स सही देतात, कॅलिटाही देतो. त्याच्या मनात आकर्षणही आहे. दिग्दर्शकाने हा प्रसंग हलक्याफुलक्या, किंचित शृंगारिक अंगाने हाताळला आहे. प्रेक्षक हसतो आणि प्रसंग पुढे सरकतो.

माझ्या मते येथे चित्रपटाने स्वतःच्या सर्वांत मोलाच्या आशयाला हलके केले आहे. आत असलेल्यांनी शिफारस केल्याखेरीज बाहेरच्याला आत येता येत नाही, ही या खेळाची व्यवस्था आहे आणि तिच्यामागे सुरक्षेचे खरे कारणही आहे. शेजारच्या पट्टीत कोण उभे आहे, हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. म्हणूनच ती सही एकाच वेळी रास्त अट आणि अन्यायाचे साधन ठरू शकते. (आपल्या विद्यापीठीय जगातील शिफारसपत्रांचा अनुभव असलेल्या वाचकांना हे अधिक सांगावयास नको.) चित्रपट या द्वंद्वापाशी थांबत नाही. तो चांगले पुरुष आणि आडमुठे पुरुष अशी विभागणी करतो. अडथळा व्यवस्थेतून उचलून स्वभावात नेऊन ठेवला की नायिकेचा विजय सोपा होतो. व्यवस्था मात्र तशीच राहते.

याच्याशी निगडित दुसरा आक्षेप एकटेपणाचा आहे. चित्रपटातील शर्ली या जगातील जणू एकमेव स्त्री-चालक आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. बार्बरा हॅमिल्टन यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास सुपरचार्जर असलेल्या गाडीचा परवाना मिळविला होता. शर्ली शहान यांनी १९६६ मध्ये पोमोना येथील विंटरनॅशनल्समध्ये आपल्या वर्गाचे विजेतेपद जिंकले होते आणि पॉला मर्फी नायट्रोवर चालणाऱ्या ‘फनी कार’ चालवीत होत्या. मल्डाउनी यांचे वैशिष्ट्य निश्चित आहे. टॉप फ्युएल या सर्वोच्च वर्गाचा परवाना मिळविणाऱ्या (१९७३), त्या वर्गात राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या (कोलंबस, १९७६) आणि त्याचे अजिंक्यपद मिळविणाऱ्या (१९७७, १९८०, १९८२) त्या पहिल्या स्त्री होत. इतकेच नव्हे, तर हे अजिंक्यपद दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मिळविणारी पहिली व्यक्तीही त्याच होत. या शेवटच्या विधानात ‘स्त्री’ हा शब्द नाही, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘पहिली स्त्री’ ही पदवी गौरवाची असली तरी ती दोन बाजूंनी कापते. आधीच्या स्त्रिया पुसल्या जातात आणि पुरुषांहून सरस असल्याची नोंदही तिच्या सावलीत जाते.

यंत्राची अनुपस्थिती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चित्रपटात गाड्या आहेत, धूर आहे, कानठळ्या बसविणारा आवाज आहे. परंतु यंत्र नाही. कोणती गाडी का बदलली, काय तुटले, कसे जुळविले, हे प्रेक्षकाला कळत नाही. याचा परिणाम केवळ तांत्रिक अज्ञानापुरता मर्यादित नाही. तो व्यक्तिचित्रणापर्यंत पोहोचतो.

एक उदाहरण घेऊ. १९७० च्या दशकाच्या आरंभी मल्डाउनी फनी कार चालवीत होत्या. या गाडीला नेहमीच्या मोटारीसारखे दिसणारे फायबरग्लासचे कवच असते आणि इंजिन चालकाच्या समोर असते. इंजिन फुटले की चालक पेटलेल्या कवचाच्या आत अडकतो. त्यांच्या वाट्याला अशा आगी आल्या. त्यानंतर त्या टॉप फ्युएलकडे वळल्या. चित्रपट हा बदल महत्त्वाकांक्षेची आणि धैर्याची पुढची पायरी म्हणून दाखवितो. पण त्याच सुमारास टॉप फ्युएलमध्ये इंजिन चालकाच्या पाठीमागे गेले होते, हे लक्षात घेतले की तोच निर्णय वेगळा दिसू लागतो. अधिक वेगाची गाडी निवडणे हे आगीच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचेही होते. धाडस आणि हिशेब येथे एकत्र नांदतात. चित्रपटाने हिशेब गाळला आणि धाडस ठेवले. परिणामी एका विचारी व्यावसायिक स्त्रीची जागा एका निर्भय नायिकेने घेतली. मला हे नुकसान मोठे वाटते. कारण निर्भयता हा गुण पडद्यावर कोणालाही देता येतो, विचार मात्र कामाच्या तपशिलातूनच दाखवावा लागतो.

जॅकच्या पात्राबाबतही असेच घडले आहे. आरंभीच्या गाड्या त्याच्या हातच्या. लिओ रॉसी यांनी त्याचे मूकपण उत्तम पेलले आहे. शर्लीची मजल त्याच्या गॅरेजपलीकडे जाऊ लागते तसा तो मागे पडतो, चिडतो, तुटतो. चित्रपट याचे स्पष्टीकरण पुरुषी असूयेत शोधतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. बांधणारा आणि चालविणारा यांच्यात यंत्र कोणाचे, हा या खेळातील जुना वाद आहे. बक्षीस चालकाच्या हाती पडते; रात्र जागवून इंजिन खोलणाऱ्याचे नाव गाडीच्या अंगावर बारीक अक्षरांत असते. त्यात बांधणारा पती आणि चालविणारी पत्नी असल्यावर श्रमविभागणीचा नेहमीचा क्रम उलटा होतो. घराच्या आत स्त्रीच्या अदृश्य श्रमावर पुरुष नाव मिळवितो, हे आपल्या परिचयाचे चित्र. येथे अदृश्य होणारा पुरुष आहे. चित्रपटाने या उलटापालटीकडे पाहिले असते तर जॅकविषयी सहानुभूती निर्माण होऊनही शर्लीची बाजू कमी झाली नसती.

तुलनेसाठी मॉन्टी हेलमन यांचा ‘टू-लेन ब्लॅकटॉप’ (१९७१) पाहता येईल. त्यातील दोन तरुणांना नावेच नाहीत. एक ‘चालक’, दुसरा ‘मेकॅनिक’. १९५५ ची शेव्हरोले घेऊन ते गावोगाव शर्यती लावत फिरतात आणि इंजिनाखेरीज जवळजवळ काही बोलत नाहीत. त्या चित्रपटाला यंत्र पूर्ण कळले आहे, माणसे मात्र त्याने मुद्दाम रिकामी ठेवली आहेत. (त्या चित्रपटासाठी बांधलेल्या गाड्यांपैकी एक पुढे काळा रंग देऊन ‘अमेरिकन ग्राफिटी’ (१९७३) मध्ये वापरण्यात आली. नटांप्रमाणे गाड्यांचीही कारकीर्द असते.) हेलमन आणि कॅप्लन यांच्या मधला चित्रपट अद्याप कोणी केला असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

चित्रपट कोणासाठी आहे, याविषयी त्याचे वितरकही साशंक होते. प्रथम तो शर्यतींच्या शौकिनांसाठी म्हणून प्रदर्शित केला गेला आणि प्रतिसाद अल्प मिळाला. नंतर १९८३ च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात तो दाखविण्यात आला आणि समीक्षकांनी त्याची दखल घेतली. शौकिनांना त्यात यंत्र कमी वाटले असावे आणि महोत्सवाच्या प्रेक्षकाला ते पुरेसे वाटले असावे, असा तर्क करता येतो.

शेवटाची अडचण

१९८२ च्या अंतिम फेरीत मल्डाउनी यांच्यासमोर कॅलिटाच होते आणि त्यांनी त्यांना हरविले, ही ऐतिहासिक घटना आहे. एखाद्या कादंबरीकाराने हा शेवट योजला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते. मग केवळ सत्य आहे म्हणून तो कलेत क्षम्य ठरतो काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. घटना सत्य असली तरी तिला ‘शेवट’ करणे ही निवड आहे. तेथे थांबल्यामुळे संपूर्ण कारकीर्द एका प्रेमकथेचा हिशेब चुकता करण्यासाठी घडली, असा भास निर्माण होतो. पडद्यावरची शर्यत दोन गाड्यांची न राहता दोन प्रेमिकांची होते.

प्रत्यक्ष जीवन तेथे थांबले नाही. चित्रपटानंतर वर्षाच्या आतच, २९ जून १९८४ रोजी, कॅनडातील मॉन्ट्रियलजवळच्या सॅनएअर मैदानावर मल्डाउनी यांच्या गाडीच्या पुढच्या टायरातील ट्यूब निसटून चाकात गुंडाळली गेली. गाडी वेगात असताना उधळली आणि त्यांचे दोन्ही पाय चिरडले गेले. अनेक शस्त्रक्रियांनंतर १९८६ मध्ये त्या पुन्हा शर्यतीत उतरल्या. निवृत्त झाल्या त्या २००३ मध्ये. कॅलिटा यांचे पुत्र स्कॉट हेही टॉप फ्युएलचे अजिंक्यवीर होते. २१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर संस्थेने सर्वांत वेगवान दोन वर्गांसाठी पाव मैलाचे अंतर कमी करून १,००० फूट केले. टॉप फ्युएलचे अजिंक्यपद मल्डाउनी यांच्यानंतर एखाद्या स्त्रीकडे जाण्यासाठी २०१७ हे वर्ष उजाडावे लागले. त्या वर्षी ब्रिटनी फोर्स यांनी ते मिळविले. मधली पस्तीस वर्षे लक्षात घेतली की परवान्याच्या त्या हसऱ्या प्रसंगाकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते.

या गाड्यांचे पुढे काय झाले, हेही नोंदविले पाहिजे. गार्लिट्स यांनी फ्लोरिडातील ओकाला येथे आपल्या ‘स्वॉम्प रॅट’ गाड्यांचे संग्रहालय उभारले. त्या मालिकेतील तिसावी गाडी १९८७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेत गेली. वॉली पार्क्स यांच्या नावाचे संग्रहालय १९९८ पासून पोमोना येथे आहे. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या फमोसो मैदानावर जुन्या शर्यतपटूंचे संमेलन भरू लागले आणि तेथे ‘कॅकलफेस्ट’ नावाचा विधी रूढ झाला. भंगारातून, कोठारांतून शोधून काढलेल्या, मूळ रंगात पुन्हा रंगविलेल्या स्लिंगशॉट गाड्या रात्री ओळीने उभ्या करतात. जमेल तेथे मूळ चालकालाच आत बसवितात. तो आता वृद्ध झालेला असतो. मग इंजिने नायट्रोवर सुरू होतात, धुराड्यांतून ज्वाला उंच जातात, डोळ्यांत पाणी येते आणि प्रेक्षक छातीवर हात ठेवून उभे राहतात. गाड्या जागच्या हलत नाहीत. इंधन संपले की एकेक इंजिन बंद होते, आणि ज्यांनी ते बांधले ती माणसे पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे होतात.